कार्ड गावाला, माणूस मळ्यावर

ऑक्टोबर छाटणी सुरू झाली की सुरगाणा, पेठ, हरसूलकडची बिऱ्हाडं नाशिकजवळच्या गिरणारे, दिंडोरी, निफाडच्या द्राक्षमळ्यांवर उतरतात. बांधकामांवर बिहार-उत्तर प्रदेशातले मजूर असतात आणि गोदाघाटावर कुणाचीच नसलेली माणसं असतात. या वेळच्या पत्रांमधले बहुतेक प्रश्न यांच्याविषयीचे आहेत, म्हणून सगळं सदर त्यांनाच दिलं आहे. प्रश्न वेगवेगळे असले तरी अडचण फिरून एकाच ठिकाणी येते. सेवा आहे, ती बहुतेक वेळा मोफतही आहे, पण नोंद एका गावात आणि माणूस दुसऱ्या गावात.

प्रश्न : आमच्या बागेत छाटणीपासून सुरगाण्याकडची चार कुटुंबं राहतात. त्यातली एक बाई सातव्या महिन्यात आहे. तिचं गरोदरपणाच्या तपासण्यांचं कार्ड गावाकडच्या घरी राहिलं. इथल्या दवाखान्यात तिला घेतील का, आणि बाळंतपण इथे झालं तर पैसे लागतील का? (बागायतदार, गिरणारे परिसर)

घेतलंच पाहिजे. गरोदर बाईची तपासणी ती आज जिथे राहते तिथल्या उपकेंद्राने करायची असते, मग ती तिथली मतदार असो वा नसो. कार्ड गावाला राहिलं म्हणून परत पाठवलं, तर उपकेंद्रात थांबून वाद घालण्यापेक्षा प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांशी बोला. तिथे बहुतेक वेळा प्रश्न सुटतो.

आधी तुमच्या गावच्या आशाताईंना मळ्यावर बोलवा. त्या बाईचा किंवा नवऱ्याचा जो मोबाइल नंबर गावाकडच्या सिस्टरकडे लिहिलेला असेल, तोच सांगा. त्यावरून तिचा आरसीएच नंबर, म्हणजे सरकारी माता-बाल नोंदणीचा नंबर, सापडतो आणि नव्या कार्डावर जुनी नोंद पुढे चालते. नंबर सापडला नाही तरी तपासणी अडत नाही, नवीन कार्ड करून घ्यायचं.

सातव्या महिन्यात या गोष्टी झाल्या आहेत का ते कार्डावर पाहा : वजन, रक्तदाब, लघवीतली प्रथिनं आणि साखर, हिमोग्लोबिन, रक्तगट, एचआयव्ही आणि गरमीची (सिफिलिस) तपासणी. सुरगाणा-पेठ पट्ट्यातली बाई असेल तर सिकलसेलची, म्हणजे तांबड्या पेशींच्या आनुवंशिक आजाराची, तपासणीही हवीच. टीडीची (धनुर्वात-घटसर्पाची लस) दोन इंजेक्शनं चार आठवड्यांच्या अंतराने देतात. आधीच्या बाळंतपणाला तीन वर्षं झाली नसतील आणि तेव्हा दोन्ही झाली असतील, तर एकच पुरतं.

गोळ्यांबाबत सर्वांत जास्त घोळ होतो. लोहाची गोळी रोज एक, बाळंतपणापर्यंत निदान १८० आणि नंतर आणखी १८०. कॅल्शियमची रोज दोन. दोन्ही एकदम घेतल्या तर लोह अंगी लागत नाही, म्हणून मध्ये निदान दोन तास जाऊ द्या. चहाबरोबर लोहाची गोळी घेणं म्हणजे ती वाया घालवणं, आणि मळ्यावर सकाळी पोटात पहिला जातो तो चहाच. त्यापेक्षा रात्री जेवून झोपताना लोहाची गोळी, आणि कॅल्शियम दोन्ही वेळच्या भाकरीबरोबर, पण रात्रीचं जेवण लवकर. शौचाला काळं होतं, पोट जड वाटतं, आणि तिथेच बायका गोळ्या बंद करतात. काळं होणं अपेक्षित आहे एवढं आधी सांगितलं तरी पुष्कळ फरक पडतो. हिमोग्लोबिन ११ च्या खाली असेल तर एका गोळीवर भागत नाही, डॉक्टर डोस वाढवतात किंवा शिरेतून लोह देतात. ७ च्या खाली असेल तर तिला मोठ्या रुग्णालयात न्यायलाच हवं, काम तर त्याच दिवशी थांबवा.

दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी आरोग्य केंद्रांत गरोदर बायकांची डॉक्टरांकडून तपासणी होते. त्या दिवशी तिला सुट्टी द्या आणि हजेरी कापू नका. दिवसाची मजुरी बुडते म्हणून न गेलेली बाईच पुढे रात्री दोन वाजता अवघड होऊन बसते.

सरकारी रुग्णालयात बाळंतपण, सिझेरियन, औषधं, रक्त, तपासण्या आणि जेवण मोफत असतं. साध्या बाळंतपणात तीन दिवस, सिझेरियनमध्ये सात दिवस जेवण मिळतं. घरून दवाखान्यात, एका दवाखान्यातून दुसऱ्या दवाखान्यात आणि परत मुक्कामी सोडणं, तिन्ही प्रवास फुकट. परत सोडणं म्हणजे मळ्यावरच्या झोपडीपर्यंत, फक्त गावाकडच्या घरी नव्हे. गाडीसाठी १०२, जिवावरचं असेल तर १०८.

इथे एक गोष्ट तुम्हीच करू शकता. मळ्याला पत्ता नसतो. गावाचं नाव, रस्ता, जवळची खूण म्हणजे मंदिर, सबस्टेशन किंवा कांद्याची चाळ, आणि गाडी कुठपर्यंत येते, हे चार ओळींत लिहून झोपडीच्या दाराला आतून चिकटवा. फोन लावणाऱ्याला अंधारात आणि घाबरलेल्या अवस्थेत हे सुचत नाही. रक्त जाणं, झटका, डोकं ठणकून डोळ्यांपुढे अंधारी, पाणमोट फुटणं, बाळाची हालचाल कमी होणं, यांपैकी काहीही झालं तर कळांची वाट पाहू नये.

पहिलं मूल असेल तर मातृवंदना योजनेचे ५,००० रुपये दोन हप्त्यांत मिळतात, दुसरं मूल मुलगी असेल तर ६,०००. अर्ज अंगणवाडी सेविका किंवा आशाताई भरतात. खातं तिच्या स्वतःच्या नावावर आणि आधारशी जोडलेलं हवं. नवऱ्याच्या खात्याचा नंबर दिला की अर्ज अडकतो, आणि तो अडकलाय हे कळेपर्यंत कुटुंब गावी परतलेलं असतं.

प्रश्न : पेठ रोडवरच्या एका वस्तीत चौदा महिन्यांचं मूल आहे. दीड महिन्याचं असताना एकदा लस दिली, नंतर कुटुंब फिरत राहिलं. आता पहिल्यापासून सुरुवात करावी लागेल का? (वाचक, पंचवटी)

नाही. दिलेला डोस वाया जात नाही, राहिलेल्यापासून पुढे सुरू करायचं. पेंटाचा (पाच रोगांवरची एकत्र लस) पहिला डोस वर्षाच्या आत झाला आहे, त्यामुळे उरलेले दोन पेंटाचेच, चार-चार आठवड्यांच्या अंतराने. एकही झाला नसता, तर वर्षानंतर पेंटाऐवजी डीपीटी (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वाताची लस) देतात. गोवर-रुबेलाचा पहिला डोस पहिल्याच भेटीत घ्या, तो राहिलाय ही यातली सर्वांत काळजीची बाब. दुसरा १६ ते २४ महिन्यांच्या दरम्यान, पहिल्यापासून निदान चार आठवडे सोडून. पोलिओचे थेंबही त्याच दिवशी. बीसीजी (टीबीची लस) वर्षानंतर देत नाहीत, दंडावर व्रण नसला तरी ती मागत बसू नका. गोवर-रुबेलाच्या लसीबरोबर 'अ' जीवनसत्त्वाचा डोस मिळतो आणि मग पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी.

सर्दी, थोडा खोकला, जुलाब असले तरी लस देता येते. तेवढ्यासाठी "पुढच्या बुधवारी या" म्हटलं, तर फिरत्या कुटुंबाचा पुढचा बुधवार बहुधा दुसऱ्या तालुक्यात येतो.

मूल नेलंच आहे तर दंडाचा घेर मोजायला सांगा. अंगणवाडीत तिरंगी पट्टी असते. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंड ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला तर ते तीव्र कुपोषित. दोन्ही पावलांना सूज असेल तर दंड कितीही भरो, तेही तीव्रच. भूक लागत असेल आणि दुसरा आजार नसेल तर वस्तीतल्या वस्तीत आहार देऊन सुधारतं. भूक मेली असेल, ताप, जुलाब किंवा सूज असेल, तर पोषण पुनर्वसन केंद्रात भरती करावं लागतं, साधारण चौदा दिवस. आईला त्या काळात बुडीत मजुरी मिळते, हे तिला पहिल्याच वाक्यात सांगा. नाहीतर ती पाचव्या दिवशी मूल घेऊन निघते, कारण घरी दुसरी दोन असतात.

प्रश्न : पाथर्डी फाट्याजवळ आमच्या साइटवर बिहारचा एक मिस्त्री आहे. त्याला टीबी निघाला, गोळ्या सुरू होऊन तीन आठवडे झाले. बाकीचे मजूर त्याच्याबरोबर खोलीत राहायला तयार नाहीत. त्याला गावी पाठवून द्यावं का? (सुपरवायझर)

पाठवू नका. टीबीच्या उपचारात सर्वांत जास्त गोळ्या तुटतात त्या माणूस गाव बदलतो तेव्हा. आणि तुमच्या साइटला त्याच्यापासून असलेला धोका तीन आठवड्यांच्या नियमित औषधांनंतर बराच कमी झालेला असतो. जी लागण व्हायची असेल ती निदान होण्याआधीच्या महिन्यांत झालेली असते. म्हणून त्याला हटवण्यापेक्षा खोलीतल्या बाकीच्यांना तपासणं महत्त्वाचं आहे.

खोलीत झोपणाऱ्या प्रत्येकाला विचारा : दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळचा ताप, वजन उतरणं, रात्री घाम. एकही 'हो' असेल तर बेडक्याची तपासणी. दोन नमुने लागतात, एक तिथल्या तिथे आणि एक सकाळी उठल्याबरोबर, चूळ भरून, खोल खोकून काढलेला. थुंकी दिली तर तपासणी निगेटिव्ह येते आणि सगळे निर्धास्त होतात. डबीत लाळ नको, छातीतला घट्ट बेडका हवा. ज्यांना लक्षणं नाहीत त्यांनाही प्रतिबंधक गोळ्या देण्याची सोय आहे, त्याबद्दल टीबीच्या आरोग्य पर्यवेक्षकांना विचारा. खोलीची खिडकी पत्र्याने बंद केलेली असेल तर ती आजच उघडा. समोरासमोर दोन उघडी तावदानं कुठल्याही फवारणीपेक्षा जास्त उपयोगी.

साध्या टीबीचा उपचार सहा महिन्यांचा. पहिले दोन महिने चार औषधांची एकत्र गोळी, पुढचे चार महिने तीन औषधांची. गोळ्यांची संख्या वजनावर ठरते. ३५ ते ४९ किलोला रोज तीन, ५० ते ६४ किलोला चार. औषध लागू पडलं की वजन वाढतं, तेव्हा वजन पुन्हा करून डोस तपासून घ्या. लघवी केशरी-लाल होते, ती औषधामुळे. हे न सांगितल्यामुळे रक्त जातंय समजून गोळ्या सोडणारे आहेत. डोळे पिवळे होणं, सतत उलटी, नजर अंधूक होणं ही मात्र लगेच डॉक्टरकडे जाण्याची कारणं. दारू चालू असेल तर यकृतावर दुप्पट भार पडतो. हे त्याला रागावून नको, शांतपणे सांगा.

दीड-दोन महिन्यांत त्याला बरं वाटेल, खोकला थांबेल, आणि नेमका त्याच सुमाराला सण येईल. गावी जायचंच असेल तर निदान आठवडाभर आधी आरोग्य केंद्रात कळवायला लावा. प्रत्येक रुग्णाला निक्षय क्रमांक, म्हणजे टीबीच्या सरकारी ऑनलाइन नोंदणीचा क्रमांक, असतो. त्या क्रमांकावरून त्याची नोंद बिहारमधल्या त्याच्या गावाजवळच्या केंद्रात ऑनलाइन वर्ग होते. निघताना त्याच्याजवळ तीन गोष्टी हव्यात : निक्षय क्रमांक (मोबाइलमध्ये आणि कागदावरही, कारण मोबाइल रेल्वेत चोरीला जातो), उपचाराचं कार्ड आणि महिनाभराच्या गोळ्या. पोचल्यावर आठवड्याच्या आत तिथल्या केंद्रात तोंड दाखवायचं. अडलं तर निक्षयची मोफत हेल्पलाइन १८००-११-६६६६.

गोळ्या महिनाभर किंवा त्याहून जास्त तुटल्या असतील, तर दुकानातून त्याच गोळ्या घेऊन पुन्हा सुरू करू नयेत. आधी बेडक्याची नॅट तपासणी (जंतूची जनुकीय चाचणी), औषधाला जंतू दाद देतो की नाही ते पाहून मगच पुढचं.

पोषणासाठी दरमहा १,००० रुपये मिळतात (१ नोव्हेंबर २०२४ पासून, त्याआधी ५०० होते). ते तीन-तीन हजारांच्या दोन हप्त्यांत येतात, पहिला निदानानंतर आणि दुसरा उपचाराचे ८४ दिवस पूर्ण झाल्यावर. गावाकडच्या बँकेतलं खातं चालतं, इथे नवीन उघडायची गरज नाही. ते चालू स्थितीत असलं पाहिजे, एवढंच.

प्रश्न : द्राक्षाच्या पेस्टच्या दिवसांत मजुरांचे हात सोलतात. मागच्या हंगामात शेजारच्या मळ्यात एक जण संध्याकाळी दारू प्यायला आणि चेहरा लाल होऊन छाती धडधडत पडला. विषबाधा म्हणावी की दारूचा परिणाम? (द्राक्ष बागायतदार, निफाड तालुका)

दोन्ही मिळून. छाटणीनंतर वेलीचे डोळे (कोंब) एकसारखे फुटावेत म्हणून काडीवर जी पेस्ट लावतात तिच्यात हायड्रोजन सायनामाइड असतं. दारू शरीरात फुटताना मधे एक विषारी पदार्थ तयार होतो आणि एरवी यकृत तो लगेच पुढे मोडतं. हायड्रोजन सायनामाइड नेमकं ते मोडणंच बंद पाडतं. मग थोड्याशा दारूनेही चेहरा-मान लालबुंद, डोकं ठणकणं, उलटी, धडधड, दम लागणं, रक्तदाब घसरणं असं सुरू होतं. दारू सोडवण्यासाठी ज्या गोळ्या देतात त्यांचं काम याच पद्धतीने चालतं. म्हणून पेस्ट लावण्याच्या आदल्या दिवसापासून ते नंतर सात दिवस दारू पूर्ण बंद. हे मजुरांना कामाच्या आधी सांगायचं असतं, आणि बायकांसमोर सांगायचं, म्हणजे घरी लक्ष राहतं. संध्याकाळी मजुरीबरोबर 'थकवा जावा' म्हणून क्वार्टर देण्याची पद्धत या दिवसांत तरी कृपा करून बंद ठेवा.

हात सोलतात ते या द्रावणाच्या दाहक गुणामुळे. फडक्याने किंवा स्पंजाने बुडवून लावायची पद्धत असल्यामुळे हात दिवसभर ओला राहतो. सुती हातमोजे न घालण्यापेक्षाही वाईट, कारण ते द्रावण शोषून कातडीला धरून ठेवतात. कोपरापर्यंत येणारे नायट्राइल रबराचे मोजे घ्या आणि आत पाणी भरून छिद्र तपासूनच रोज वापरा. हात वर करून काड्यांना लावताना द्रावण मोज्यात ओघळतं, म्हणून मोज्याची कड बाहेर दुमडून ठेवा. चष्मा, पूर्ण बाह्यांचा सदरा, आणि काम संपल्यावर तिथेच अंघोळ व कपडे बदल. त्यासाठी मळ्यावर एक पिंप पाणी आणि साबण वेगळा ठेवावा लागेल. ते कपडे झोपडीत लहान मुलांच्या अंथरुणाजवळ टाकू देऊ नका. मूळ द्रावण पाण्यात मिसळण्याचं काम सर्वांत धोक्याचं, ते नवख्या पोराला देऊ नये. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांना या कामापासून पूर्ण लांब ठेवा.

डोळ्यात गेलं तर वाहत्या पाण्याने निदान पंधरा-वीस मिनिटं धुवा, मग दवाखाना. कातडीवर सांडलं तर कपडे काढून तेवढाच वेळ धुणं. पोटात गेलं असेल तर मिठाचं पाणी पाजून उलटी करवू नका, दाहक पदार्थ वर येताना अन्ननलिका पुन्हा भाजतो. बेशुद्ध होत असेल तर कुशीवर झोपवा आणि १०८ लावा.

डब्याचा किंवा लेबलचा फोटो घेऊन जा आणि डॉक्टरांना 'हायड्रोजन सायनामाइड' हे पूर्ण नाव सांगा. गडबडीत 'सायनाइड' ऐकू येतं. दोन्ही वेगळी आहेत, सायनाइडवरचा उतारा इथे लागत नाही. दारू प्यायला होता का, हेही लपवू नका. त्याच्यावरच उपचाराची दिशा ठरते.

आणखी एक. शेतकरी अपघात विम्याची राज्याची योजना सातबारावरच्या शेतकऱ्यासाठी आणि त्याच्या कुटुंबातल्या एकासाठी आहे, मजूर त्यात येत नाही. प्रधानमंत्री सुरक्षा विम्याचे वर्षाचे २० रुपये मात्र १८ ते ७० वयाच्या कुणाही खातेदाराला भरता येतात. अपघाती मृत्यूला दोन लाख. वर्ष १ जूनला सुरू होतं. हंगामाला आलेल्या मजुरांच्या खात्यातून ते कापलं गेलंय का, हे विचारायला पाच मिनिटं लागतात.

प्रश्न : आम्ही धडगावकडचे, अंबडला कंपनीत कंत्राटी कामाला. इथला रेशन दुकानदार म्हणतो तुमचं नाव माझ्या यादीत नाही. (वाचक)

त्याच्या यादीत नसणारच, आणि असायची गरजही नाही. कार्ड अन्नसुरक्षा योजनेतलं असेल तर देशातल्या कुठल्याही रेशन दुकानात धान्य मिळतं. कार्डाचा बारा अंकी नंबर किंवा आधार नंबर सांगायचा, मशीनवर अंगठा द्यायचा. प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला ५ किलो, अंत्योदयला कुटुंबाला ३५ किलो, जानेवारी २०२३ पासून मोफत.

कुटुंब निम्मं गावाला असेल तर किती किलो उचलायचं ते आधीच स्पष्ट सांगा. सगळं एकदम उचललं की गावाकडे आईच्या अंगठ्याला मशीन 'शिल्लक नाही' सांगतं आणि भांडण घरात होतं. पावतीचा आकडा पाहूनच निघा.

अंगठा उमटत नाही ही कष्टकऱ्यांची नेहमीची अडचण. सिमेंट, वीटभट्टी, द्राक्षाची औषधं यांनी बोटांच्या रेषा झिजतात. हात साबणाने धुऊन, पुसून, दुसरं बोट लावून बघा. करंगळी आणि अनामिका कमी झिजलेल्या असतात. नाहीच झालं तर आधारशी जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी. कार्डावरच्या ज्या माणसाची ई-केवायसी राहिली आहे त्याचं धान्य थांबू शकतं, तीही इथल्याच दुकानात करता येते. तरीही नकार मिळाला तर १९६७ वर तक्रार करा, दुकानाचा नंबर पाटीवर असतो तो सांगा.

प्रश्न : आमच्या आश्रमशाळेतल्या नववीतल्या मुलीचे हातपाय वारंवार दुखतात, डोळे पिवळसर दिसतात. आईवडील वीटभट्टीवर असतात. गावात काविळीचं औषध दिलं. (शिक्षिका, पेठ तालुका)

सिकलसेलची तपासणी करून घ्या. पुन्हा पुन्हा येणारा सांध्यांचा ठणका आणि पिवळे डोळे एकत्र असतील, तर आदिवासी पट्ट्यात पहिला विचार त्याचाच करायचा. प्राथमिक आरोग्य केंद्रात सोल्युबिलिटी ही साधी तपासणी होते. ती पॉझिटिव्ह आली तरी आजार आहे की ती फक्त वाहक आहे हे त्यातून कळत नाही. त्यासाठी पुढची इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी तपासणी लागते. पहिल्याच कागदावर थांबल्यामुळे वाहक मुलींना आयुष्यभर 'रोगी' म्हटलं जातं, आणि उलट खऱ्या रुग्णाला औषध मिळत नाही. तेव्हा शेवटच्या अहवालावर 'एएस' आहे की 'एसएस', हे पाहून रजिस्टरला नोंदवा. एएस म्हणजे वाहक, एसएस म्हणजे आजार.

एसएस असेल तर रोज फॉलिक अॅसिड, आणि डॉक्टरांनी ठरवलं तर हायड्रॉक्सियुरिया. ते रोज घ्यायचं असतं, मधूनमधून रक्त तपासून. दुखणं उठतं ते पाणी कमी पडलं, थंडी लागली, ताप आला, अति श्रम झाले की. म्हणून वर्गात पाण्याची बाटली जवळ ठेवायला आणि तासाला लघवीला जायला मोकळीक द्या, थंड पाण्याची सकाळची अंघोळ टाळा, धावण्याच्या शर्यतीची सक्ती नको. छातीत दुखणं आणि दम, ताप, एका बाजूचं अंग लुळं पडणं, पोट डावीकडे एकदम फुगणं, यांत रुग्णालय गाठायचंच. सुट्टीत ती भट्टीवर गेली तर गोळ्या आणि अहवालाची झेरॉक्स दप्तरात असू द्या. सिकलसेल आजार २०१६ च्या दिव्यांग कायद्यात धरला आहे, त्यामुळे तपासणीअंती दिव्यांग प्रमाणपत्र मिळू शकतं. वाहकाला ते मिळत नाही.

प्रश्न : सरकारी दवाखान्यात आता केसपेपरला पैसे नाहीत म्हणतात. मग मनपाच्या रुग्णालयात का घेतले? (वाचक, नाशिकरोड)

कारण तो निर्णय राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांपुरता आहे : १५ ऑगस्ट २०२३ पासून प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयं वगैरे. बिटको, झाकिर हुसेन ही महापालिकेची रुग्णालयं, त्यांचे दर पालिका ठरवते. लसीकरण, टीबी आणि बाळंतपण मात्र तिथेही मोफत.

प्रश्न : रामकुंडाच्या बाजूला एक बाई आठवड्यापासून बसून आहे. स्वतःशी बोलते, पायाला जखम आहे. कुणाला कळवावं? पोलिस तिला कोठडीत तर टाकणार नाहीत ना? (दुकानदार, पंचवटी)

११२ लावा किंवा जवळच्या पोलिस ठाण्यात सांगा. मानसिक आरोग्य कायदा २०१७ च्या कलम १०० प्रमाणे अशा भटकणाऱ्या, स्वतःची काळजी घेऊ न शकणाऱ्या व्यक्तीला संरक्षणात घेणं ही ठाणे अंमलदारांची जबाबदारी आहे. तिला २४ तासांच्या आत जवळच्या सरकारी आरोग्य संस्थेत तपासणीसाठी न्यावं लागतं. कोठडीत किंवा तुरुंगात ठेवता येत नाही, हे त्याच कलमात लिहिलेलं आहे. घरचे सापडत नसतील तर हरवल्याची नोंद करून शोध घेणंही त्यांच्याकडेच येतं. फोन करताना 'वेडी बाई बसलीय' म्हणू नका. 'पायाला जखम असलेली, भांबावलेली बाई, अमुक घाटाच्या पायऱ्यांवर, एकटी' असं सांगा. जखमेचा उल्लेख केला की रुग्णवाहिकाही निघते.

गाडी येईपर्यंत पाणी आणि थोडं खायला तिच्या शेजारी ठेवा, हातात कोंबू नका. समोर उभं राहण्याऐवजी बाजूला, तिच्या उंचीला बसून बोला. तिचं गाठोडं हलवू नका. तिच्या लेखी घर म्हणावं तर तेवढंच उरलेलं असतं. मोबाइलवर चित्रीकरण तर नकोच.

दवाखान्यात आधी शरीराची तपासणी व्हावी असा आग्रह धरा. ताप, वाढलेली किंवा उतरलेली साखर, डोक्याला मार, दारू अचानक तुटणं, यांनीही माणूस असाच बरळतो. थेट मनपाच्या बेघर निवाऱ्यात नेलं तर हे सगळं निसटतं. निवारा हा उपचारानंतरचा टप्पा. मनाच्या आजाराविषयी सल्ला हवा असेल तर टेलिमानस १४४१६, दिवसरात्र आणि मोफत.

वय झालेलं माणूस घाटावर सोडून नातेवाईक निघून गेल्याचं दिसलं, तर ज्येष्ठांसाठी १४५६७. आईवडिलांना असं टाकून जाणं २००७ च्या कायद्याने गुन्हा आहे. २०२७ च्या सिंहस्थात गर्दी वाढेल तेव्हा हे नंबर घाटावरच्या प्रत्येक टपरीवर चिकटवलेले असावेत.

प्रश्न : हिवाळ्यात स्वेटर विकायला येणाऱ्या तिबेटी मंडळींमधल्या एका आजींना रक्तदाब आहे. त्यांच्याकडे आधार नाही म्हणतात. सरकारी दवाखाना त्यांना तपासेल का? (वाचक, नाशिक)

तपासेल. भारताने निर्वासितांविषयीच्या १९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारावर सही केलेली नाही, तरी सरकारी बाह्यरुग्ण विभागात नागरिकत्वाचा पुरावा मागून कुणाला परत पाठवायचं नसतं. तातडीच्या उपचारांबाबत तर सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच सांगितलं आहे की जीव वाचवणं आधी, कागद नंतर, आणि हे खासगी डॉक्टरांनाही लागू आहे. फाळणीनंतर देवळालीत सिंधी निर्वासित येऊन राहिले आणि या शहराचे झाले, हे आपण विसरू नये.

तिबेटी निर्वासितांकडे बहुधा नोंदणी प्रमाणपत्र असतं, ज्याला ते 'आरसी' म्हणतात. ओळख म्हणून त्याची प्रत पुढे करावी. महात्मा फुले जनआरोग्य योजना रेशनकार्डाशी जोडलेली आहे, त्यामुळे शस्त्रक्रियेसारखा मोठा खर्च निघाला तर त्या योजनेवर विसंबून राहू नका, रुग्णालयातल्या समाजसेवा अधीक्षकांना आधीच भेटा.

रक्तदाबासाठी मोठं रुग्णालय लागत नाही. जवळच्या शहरी आरोग्य केंद्रात अॅम्लोडिपिन, टेल्मिसार्टन यांसारख्या गोळ्या मिळतात. दुकानावर उभं राहून किंवा चहा पिऊन लगेच मोजलं तर आकडा चढा येतो. पाच मिनिटं पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून बसल्यावर दोनदा मोजायला सांगा. आजींना भाषेची अडचण असेल तर त्यांच्यातल्या हिंदी बोलणाऱ्या तरुणाला बरोबर न्या आणि गोळीची वेळ शब्दांऐवजी सूर्य-चंद्राच्या चित्राने पाकिटावर काढा. बाजार उठायच्या आधीच्या आठवड्यात शेवटचे दोन आकडे, गोळीचं नाव आणि डोस केसपेपरवर लिहून घ्या, आणि गोंदिया जिल्ह्यातल्या नोर्गेलिंगला असो की कर्नाटकात, त्या ज्या वसाहतीला परतणार असतील तिथे पोचेपर्यंत पुरतील इतक्या गोळ्या मागून घ्या.